इमारतीच्या वीज-पाण्याचा वार्षिक अहवाल कसा तयार करावा

न्यूयॉर्कमध्ये २००९च्या कायद्यापासून मोठ्या इमारतींना वर्षभराचा वीज, इंधन आणि पाण्याचा वापर पालिकेला कळवावा लागतो. आज २५ हजार चौरस फुटांवरच्या इमारती त्यात येतात आणि मुदत १ मेची असते. आपल्या देशाच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचा, म्हणजे इमारतींनी वीज कशी वाचवावी याच्या नियमांचा, भर १०० किलोवॅट किंवा जास्त जोडभाराच्या (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार) व्यावसायिक इमारतींवर आहे. तरी रत्नागिरी, चिपळूण, पनवेलच्या मोठ्या सोसायट्यांनी आणि हॉटेलांनी ही नोंद आपणहून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. नियम आल्यावर मागच्या वर्षाची रीडिंग कुठूनही मिळत नाहीत.

आधी क्षेत्रफळ. ते मंजूर नकाशावरून किंवा भोगवटा प्रमाणपत्रावरून घ्या. विक्री करारातलं 'सुपर बिल्ट-अप' चालणार नाही, कारण वर्षाच्या युनिटना याच आकड्याने भागून इमारतींची तुलना होते. सोबत दर महिन्याला किती घरांत माणसं राहिली, तेही लिहा. आपल्याकडे निम्मे ब्लॉक बंद असतात आणि गणपतीत, मे महिन्यात चाकरमानी आले की एकदम भरतात. हे लिहिलं नाही तर भाद्रपदातला वापर गळतीसारखा दिसतो.

विजेचं काम सोपं आहे. पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांच्या सामायिक मीटरचे ग्राहक क्रमांक एका कागदावर उतरवा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. पूर्ण इमारतीचा आकडा हवा असेल तर सभासदांची लेखी संमती घेऊन त्यांची बिलंही जोडा. जनरेटरचं डिझेल लिटरमध्ये वेगळं लिहा.

छपरावर सोलर असेल तर मात्र सांभाळा. नेट मीटरच्या बिलात ग्रिडमधून घेतलेली वजा ग्रिडला दिलेली वीज असते, तुमचा खरा वापर नव्हे. सोलरची निर्मिती अधिक घेतलेली वीज वजा दिलेली वीज, हा हिशेब दर महिन्याला करा.

खरी कसोटी पाण्याची आहे. कोकणात एकाच टाकीत नगरपरिषदेचं, बोअरवेलचं आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी पडतं, आणि मीटर बहुतेक वेळा फक्त नळजोडणीवर असतो. म्हणून बोअरच्या पाइपवर स्वतंत्र मीटर बसवाच. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप सोडायला प्लंबरला सांगा. वळणाला लागून बसवलेला मीटर चुकीचं दाखवतो. मीटरआधीची जाळी गाळाने भरते, ती पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी साफ करा.

टँकरची पावती ही सगळ्यात कच्ची नोंद. 'दहा हजार लिटर' लिहिलेलं असतं, आत किती उतरलं ते टाकीच सांगते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद टाकीत पातळी एक सेंटीमीटर चढली की १२० लिटर आले. टँकर रिकामा होताना पंप आणि बाकीचे इनलेट बंद ठेवा, टाकीला आखलेली पट्टी लावा आणि आधीची-नंतरची पातळी वॉचमनकडून लिहून घ्या.

त्याच पट्टीने गळतीही सापडते. वरची टाकीही त्याच मापाची असेल, तर रात्री दोन ते चार पंप बंद ठेवून तिची पातळी बघा. सगळे झोपलेले असताना तासाला एक सेंटीमीटर उतरत असेल, तर दिवसाला २,८८० लिटर वाया जात आहेत. बहुतेक वेळा दोष फ्लश टाकीत असतो.

रीडिंग दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, मीटरचा फोटो काढून घ्या. अंदाजाने भरलेला आकडा पुढच्या महिन्यातही चूक ओढत नेतो. हुकलं तर रकाना रिकामा ठेवा, शेजारी कारण लिहा.

वर्ष संपलं की एकूण लिटरना राहणाऱ्या माणसांनी आणि दिवसांनी भागा. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. आकडा दीडपट निघाला तर अहवाल पक्का करायच्या आधी मीटर आणि टाक्या पुन्हा तपासा. मीटर बदलला असेल तर जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग, दोन्ही नोंदवहीत तारखेसह हवीत. सचिव बदलताना वही आणि फोटो नव्या कमिटीकडे सहीनिशी द्या.