दुपारची रडारड आणि ऐकायच्या गोष्टी : माझा अनुभव
मुलगी साडेचार वर्षांची, दुपारची झोप सुटली पण थकवा काही सुटला नाही, ४ वाजले की रडारड सुरू. आधी कार्टून लावून बघितलं, तेवढ्यापुरती गप्प बसायची पण बंद केलं की दुप्पट चिडायची. मग नुसत्या ऐकायच्या गोष्टी लावायला लागले. पहिले दोन दिवस फसलं, कारण राक्षस-बिक्षस आणि धाडधाड म्युझिकवाली गोष्ट होती, ती शांत व्हायच्या ऐवजी उड्याच मारायला लागली! नंतर संथ आवाजातली, १५ मिनिटांची साधीशी गोष्ट शोधली, आवाज बारीक, पडदा अर्धा ओढलेला आणि फोन कपाटावर, तिला दिसणारच नाही असा (हे फार महत्त्वाचं, स्क्रीन दिसली की व्हिडिओ मागते). "झोप" असं अजिबात म्हणत नाही, लोळ, ठोकळे घे, रंगव, काहीही चालतं. रोज तीच तीच गोष्ट मागते, मला कंटाळा येतो पण पुढे काय होणार हे माहीत असतं म्हणूनच ती निवांत होते असं मला वाटतं. रडं सुरू झाल्यावर मात्र लावू नका, तेव्हा जवळच घ्यावं लागतं. मी जेवण झालं की लगेच लावते. तीन आठवडे झाले, संध्याकाळ आता बरीच शांत जाते.