घरातलं माणूस 'बदललंय' असं वाटलं तर पहिल्या दोन महिन्यांत काय करायचं (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी)

आमच्या लहानपणी कोण जरा वेडंवाकडं वागलं की एकच डायलॉग असायचा, "धारवाडला नेऊन सोडू काय रे तुला?" धारवाड म्हणजे तिथलं मेंटल हॉस्पिटल, बस्स, दुसरं काही डोळ्यासमोरच यायचं नाही. आणि ह्या जोकची किंमत आम्ही चांगलीच भरली, कारण धाकट्या भावाला खरंच बरं नव्हतं तेव्हा धारवाडच काय, साधं मनाच्या डॉक्टरचं नावसुद्धा घरात कुणी काढलं नाही आणि अकरा महिने तसेच गेले. आज तो गोळ्या घेतोय, कामाला जातोय, गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्याचाच असतोय. पण ते अकरा महिने लय महागात पडले म्हणून हे लिहायलोय. मी डॉक्टर नाही, घरचा माणूस आहे, तेवढं धरून वाचा.

पहिलं काम, आजच करायचं. भिंतीवर जे कॅलेंडर असतंय, ज्यावर आई दुधाचा हिशोब आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहिती, त्याच चौकोनात रोज दोन गोष्टी लिहायला लागा: काल किती तास झोपला, आणि नवीन असं काय घडलं. 'विचित्र वागला' असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'रात्री 3 ला उठून खिडकीला पेपर चिकटवले' असं लिहा. 'चार दिवस आंघोळ नाही', 'मित्र आला तर आतूनच नाही म्हणून सांगितलं' असं लिहा. कारण डॉक्टरकडं गेल्यावर पहिला प्रश्न येतोय, कधीपासून? आणि तिथंच घरच्यांची जुंपती, आई म्हणती दिवाळीपासून, वडील म्हणतेत परीक्षेत नापास झाल्यापासून, काकू म्हणती तो पहिल्यापासून तसाच आहे. बाहेर पन्नास माणसं लाईनीत, डॉक्टरला तुमच्यासाठी दहा मिनिटं, त्यातली सात ह्या भांडणात जातात.

आता काय बघायचं. एखादा दिवस तोंड पाडून बसणं म्हणजे आजार नव्हे, ते तुम्ही आम्ही सगळेच करतो. पण सलग दोन आठवडे, दिवसातला बराचसा वेळ मन खालीच, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली असं असेल तर डिप्रेशन आहे का हे तपासून घ्यायची वेळ आली. उलटा प्रकार पण असतोय, तीन तास झोपून माणूस एकदम फ्रेश, बोलणं थांबत नाही, उधारीवर गाडी बुक करतोय, आणि घरचे म्हणतेत पोरगं आता ॲक्टिव्ह झालंय. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे कॉलेजच्या वयात, साधारण पंधरा ते तीसच्या मधे, हळूहळू येणारा. आधी मार्क पडतात, मग मित्र तुटतात, मग रात्रीचा दिवस होतो, मग शेजारी आपल्याबद्दल बोलतेत असा संशय, मग कुणी नसताना आवाज ऐकू येणं. पहिल्या तीन पायऱ्यांवर आपण सगळे एकच म्हणतो, मोबाईलनं बिघडवलंय. हा टप्पाच हातात असतोय. आवाज आणि संशय सुरू झाल्यापासून उपचार सुरू व्हायला जितका उशीर, तितकं नंतर बरं व्हायला अवघड, हे जगभरच्या डॉक्टरांनी पुन्हापुन्हा बघितलेलं आहे.

दोन ठिकाणी मात्र कॅलेंडर वगैरे काही नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एक, म्हातारं माणूस दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलायला लागलं तर, कारण बऱ्याचदा मागं इन्फेक्शन, शुगर नाहीतर अंगातलं सोडियम कमी झालेलं असतंय. दुसरं, बाळंतीण. पहिल्या दोनतीन आठवड्यांत तिला झोपच नाही आणि बाळाबद्दल भलतंसलतं बोलायली असेल तर आपल्याकडं वारं लागलं म्हणतेत आणि धुरी देत बसतेत, तसं करू नका.

बोलायचं कसं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. "तुला वेड लागलंय" हे वाक्य नाही. सगळं घर गोळा करून मिटिंग पण नाही. त्याला आवाज येतात तर "कुठं येतात दाखव" म्हणून वाद घालू नका आणि "होय होय मलापण येतात" असं पण करू नका. मी शेवटी एवढंच म्हटलं, मला नाही ऐकू येत बघ, पण तुला त्रास होतोय ते दिसतंय, आणि झोप तर तुझी गेलीच आहे, झोपेचं तरी दाखवून येऊया. झोपेचं म्हटलं की माणूस तयार होतोय, आणि ते खोटं पण नसतंय. गोव्याला जाऊया म्हणून गाडीत घालून हॉस्पिटलला उतरवू नका. चहात गोळी तर अजिबात नको, आम्ही केलं ते, त्याला कळलं, पुढं सहा महिने त्यानं घरचा चहा घेतला नाही.

देवाचा विषय येणारच. आमची आजी त्याला सौंदत्तीला घेऊन गेली, जोतिबाला पण जाऊन आली, एका देवऋषीनं करणी आहे म्हणून उतारा काढला. मी भांडलो, आणि भांडून काही मिळालं नाही. नंतर शहाणपण आलं, देवाला नक्की जाऊया आजी, पण डॉक्टरची तारीख आधी घेऊ, आणि देवाला जाताना गोळ्या बरोबर घेऊ. आजी लगेच हो म्हणाली. फक्त मारणं, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं, साखळी, इथं मधे पडायचंच. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळ मनाच्या पेशंटना ठेवायच्या जागेला 2001 साली ऑगस्टमधे आग लागली तेव्हा 28 माणसं साखळीत बांधलेली असल्यामुळं पळू शकली नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला सरळ बंदी आहे. भूल न देता शॉक द्यायला पण त्याच कायद्यानं बंदी आहे, सिनेमातलं बघून घाबरणाऱ्यांसाठी सांगतोय.

जायचं कुठं? बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्सला मानसोपचाराची ओपीडी आहे, नेहरूनगरला केएलई हॉस्पिटल आहे. तालुक्याला असाल तर सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा की मनाचे डॉक्टर कुठल्या वारी येतेत, कर्नाटकात मनोचैतन्य म्हणून योजना आहे त्यात मंगळवारी तालुक्याला डॉक्टर बसवायची पद्धत सुरू झाली, पण आधी खात्री करूनच एसटी धरा. धारवाडचं डिमहान्स, म्हणजे तेच जोकमधलं मेंटल हॉस्पिटल, हायवेनं 75-80 किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. आम्ही शेवटी गेलो तेव्हा कळलं की ओपीडीत आपल्यासारखीच माणसं डबे घेऊन बसलेली असतेत, जोकमधलं तिथं काहीच नव्हतं. निपाणी चिकोडीकडची बरीच माणसं कोल्हापूर नाहीतर मिरजेला जातेत, चालतंय की, फक्त दर महिन्याला जायला परवडेल असाच डॉक्टर धरा, कारण हे एका खेपेचं काम नाही. आणि कुठं जायचं तेच कळत नसेल तर 14416 ला फोन लावा, टेली मानस म्हणून सरकारची मनाच्या दुखण्यासाठीची हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत पण बोलतेत आणि कन्नडमधे पण.

भाषेचं बोलतो, कारण हे आपल्या भागाचंच दुखणं आहे. बाजारात आपण झकास कन्नड बोलतो. निद्दी बरंगिल्ल्री, झोप येत नाही ओ, एवढं पण सांगता येतंय. पण 'जीव कोंडतोय', 'मन कशात लागत नाही', 'काळजात कायतरी हललं' हे माणूस आईच्या भाषेतच सांगतोय. म्हणून खिडकीवरच विचारा की मराठी येणारं कोण आहे काय, बऱ्याचदा नर्स नाहीतर शिकणारे डॉक्टर असतेत. आपलं माणूस दुभाषी म्हणून नेलं तर त्याला एकच अट घाला, पेशंट जे बोलला तेच सांग, स्वतःचं भरू नको. आणि दहावीतल्या पोराला बापाचं दुखणं सांगायला पुढं करू नका. पहिल्या वेळी थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह असल्या रक्ताच्या तपासण्या सांगितल्या तर कटकट करू नका, आणि दारू किंवा गांजा असेल तर लपवू नका, गांजानं हे आवाजाचं दुखणं वाढतंय.

गोळ्या. इथंच सगळी गाडी घसरते. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतेत, आणि त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात, सुस्ती, तोंड कोरडं, मळमळ. मग आठव्या दिवशी माणूस म्हणतंय गोळीनंच आजारी पडलो, आणि बंद. म्हणून उठायच्या आधी डॉक्टरला विचारून घ्या की गुण कधी दिसेल, त्रास काय होईल, त्यातला कुठला सहन करायचा आणि कुठल्यासाठी लगेच यायचं. काही गोळ्यांनी वजन आणि शुगर वाढती, ते मोजत राहायचं. आवाज-संशयाच्या पहिल्या झटक्यानंतर साधारण एकदोन वर्षं तरी औषध चालू ठेवतेत, 'बरं वाटतंय' म्हणून स्वतःच सोडायचं नाही. सोडायचं असेल तर डॉक्टरशी बोलून, हळूहळू.

एक कठीण गोष्ट. "मी नसलेलं बरं" असं माणूस म्हणालं तर विषय बदलू नका, सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय काय? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळं होतंय. त्याला एकटं ठेवू नका, शेतीवाल्यांनी फवारणीच्या औषधाचे डबे त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा, आणि 14416, नाहीतर 112. पोलीस केस होईल म्हणून लपवतेत लोक, पण 2017 च्या कायद्याप्रमाणं असं करायला गेलेलं माणूस प्रचंड ताणाखाली होतं असंच आधी धरायचं असतंय.

बरं व्हायला लागल्यावरचं थोडं. लगेच "आता पूर्वीसारखा हो" म्हणून मागं लागू नका, सुरुवातीला दूध आणणं, मग ओळखीच्या दुकानात अर्धा दिवस, असं. शेजाऱ्यांना "बरं नव्हतं, औषध चालू आहे" एवढं बास. "लग्न करा, सुधारंल" म्हणणाऱ्या पाव्हण्याला चहा पाजा आणि वाटेला लावा, लपवून केलेल्या लग्नात दोन घरं बुडतेत. मंडळवाल्या पोरांनो, शिवजयंतीला एवढे चित्ररथ काढता, एका बाजूला 14416 रंगवायला कितीसा खर्च आहे रे?

कॅलेंडर लिहिणं बरं झाल्यावर पण सोडू नका. पुन्हा घसरायच्या आधी प्रत्येकाची एक खूण असती. आमच्या भावाची खूण म्हणजे दारातल्या चपला आत आणून कॉटखाली ठेवणं, ती दिसली की दोन दिवसांत झोप जाती. आधीच्या चौकोनांवरून आम्हाला ते कळलं, आणि एकदा त्यावरूनच वेळेत डॉक्टर गाठला, गोळी थोडी वाढवली, ॲडमिट करावं लागलं नाही. डॉक्टर बदलला तेव्हा पण जुन्या कॅलेंडरांवरूनच सगळं सांगता आलं, म्हणून जानेवारीत नवीन आणलं की जुनं रद्दीत घालू नका. आमची चार वर्षांची फ्रिजवर गुंडाळून ठेवलीत. आता झोपेचे तास तो स्वतःच लिहितोय, गॅसची तारीख मात्र अजून आईच लिहिती.