वचन प्रार्थनेत घेताना या चुका टाळा

ऐरोलीत आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत बायबलमधलं एक वचन जवळजवळ दर आठवड्याला कुणीतरी उच्चारतंच: यिर्मया २९:११. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. सभेतल्या एका भावाची नोकरी गेली तेव्हा मीच ते कार्डावर लिहून त्याच्या हातात दिलं. सहा महिने त्याने ते धरून प्रार्थना केली. नोकरी लागली नाही, आणि तो सभेला यायचा बंद झाला. आपलाच विश्वास कमी पडला, असं त्याला वाटत होतं.

चूक माझी होती. मी त्याच्याआधीचं, दहावं वचन वाचलंच नव्हतं. त्यात सत्तर वर्षांची मुदत आहे.

हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून ज्यांना धरून बाबेलला नेलं, त्यांना यिर्मया संदेष्ट्याने ते पाठवलं. मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया म्हणतो, सत्तर. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. तरीही संकल्प हिताचेच. वचनातला ‘तुमच्याविषयी’ हा शब्दही मूळ हिब्रूत अनेकवचनी आहे. मराठीत आपण एका माणसालाही आदराने ‘तुम्ही’ म्हणतो, त्यामुळे हे सहज निसटतं. वचन सबंध लोकसमूहाला दिलेलं आहे, एकट्याच्या अर्जावरचं उत्तर म्हणून नाही.

आणि मधल्या काळात काय करायचं? पाचव्या ते सातव्या वचनात ते लिहिलंय: घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्यासाठी प्रार्थना करा. आमच्यातली बरीच कुटुंबं नगर-जालन्याकडची. तीस वर्षं इथे राहूनही प्रार्थनेत गावचं चर्च येतं, गावचा पाऊस येतो. रबाळ्याच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारी, आपल्याच जिन्यावर भेटणारी माणसं येत नाहीत. तो भाऊ परत आला तेव्हाही त्याला काम नव्हतं. त्या दिवशी आम्ही पाचव्या वचनापासून वाचलं आणि पहिल्यांदा ऐरोलीसाठी प्रार्थना केली.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. वचन कुणाला देण्याआधी त्याच्या मागचं-पुढचं एक पान वाचायचं आणि विचारायचं: हे कोण, कुणाला, कुठल्या प्रसंगी सांगतंय?

‘थंड’ म्हणजे विश्वासहीन?

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण ३ मध्ये, लावदिकीया नगरातली मंडळी (तिथलं चर्च) ‘कोमट’ आहे. ऊन म्हणजे आवेशी, थंड म्हणजे देवापासून दुरावलेला, असा अर्थ आपण लावतो, आणि तरुण मुलं आपल्या भावनांचं तापमान मोजत बसतात. पण प्रभू म्हणतो, तू थंड असतास तरी बरं होतं! दुरावलेल्याला तो असं म्हणेल का? जवळच्या हेरापलीत गरम पाण्याचे झरे होते, आणि कलस्सैचं थंड पाणी अनेक अभ्यासक या वचनाशी जोडतात. ठाण्याच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. वज्रेश्वरीच्या कुंडात सांधे शेकायला जाता येतं, माठातलं पाणी उन्हातून आलेल्याला देता येतं. दोन्ही उपयोगी. कोमट पाणी दोन्हीकडचं नाही. प्रश्न भावनेचा कमी आणि मंडळी कुणाच्या उपयोगी पडते याचा जास्त आहे.

उलटी चूक: पार्श्वभूमी सांगून वचन बोथट करणं

येशू म्हणतो, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं. त्यावर सांगतात: ‘यरुशलेमेत सुईचं नाक नावाचा छोटा दरवाजा होता, उंट ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून जायचा.’ हे मी स्वतः ऐकलंय आणि पुढे सांगितलंयही. अशा दरवाजाचा येशूच्या काळातला पुरावा नाही. हे स्पष्टीकरण कित्येक शतकांनंतरचं. आणि शिष्यांची प्रतिक्रिया पाहा. ते थक्क होऊन विचारतात, मग कोणाचं तारण होईल? ओझं उतरवून जमणार असतं तर ते इतके हादरले नसते. येशूचं उत्तरही तेच सांगतं: माणसांना हे अशक्य, देवाला सर्व शक्य. आकर्षक वाटणारी ‘त्या काळची माहिती’ आधी त्याच परिच्छेदावर तपासून घ्या.

झोपलेल्या शेजाऱ्याला देव समजणं

लूक ११ मधला मध्यरात्रीचा मित्र: घरी पाहुणा आला, भाकर नाही, म्हणून एकजण झोपलेल्या शेजाऱ्याचं दार ठोठावतो, आणि तो आतून म्हणतो, मला त्रास देऊ नको. यावरून आपण शिकवतो की दार ठोठावत राहा, देव कंटाळून का होईना देईल. पण ते घर डोळ्यांपुढे आणा: बहुधा एकच खोली, दाराला अडसर, पोरं बापाजवळ निजलेली. कळव्याच्या चाळीत वाढलेल्याला ती खोली ओळखीची वाटेल. पाहुणा उपाशी झोपला तर लाज एका घराची राहत नाही, सगळ्या वस्तीची होते. म्हणून तीन भाकरी मागायला अर्ध्या रात्री जाता येतं. ‘आग्रह’ म्हणून आपण वाचतो त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ निर्लज्जपणा, संकोच सोडून मागणं. येशू पुढे ‘तर मग किती विशेषेकरून’ म्हणतो. असा वैतागलेला शेजारीसुद्धा उठतो, मग स्वर्गीय पिता किती अधिक देईल!

म्हणून आजारी मुलासाठी रात्रभर जागून प्रार्थना करणाऱ्या आईला ‘अजून आवाज वाढव’ असं सांगू नका. तिच्याजवळ बसा.