पाण्याच्या रॉकेटची स्पर्धा घ्यायची? आधी नियम नीट लिहा

आठवी-नववीच्या मुलांना एरोस्पेसची गोडी लावायची असेल, तर पाण्याच्या रॉकेटपासून सुरुवात करा: बाटलीत थोडं पाणी, वर पंपाने दाबलेली हवा; सोडलं की पाणी मागे फेकलं जातं आणि बाटली वर उडते. बाटली, पुठ्ठा, चिकटपट्टी आणि सायकलचा पंप नांदेडात मिळतो तसा आडगावातही मिळतो. इंजिनिअरिंगला असल्यापासून आम्ही मित्रमैत्रिणी जिल्हा परिषदेच्या शाळांत या स्पर्धा घेतोय. खरी मेहनत नियम लिहिण्यात असते, असं माझं ठाम मत आहे.

‘ज्याचं सगळ्यात उंच, तो पहिला’ हा नियम ठेवूच नका. मुलं नुसता पंप मारत बसतात आणि ज्याच्या घरी विकतचं किट येतं तो जिंकतो. सामान सगळ्यांना एकाच टेबलावरून द्या. प्रत्येक गटाने उडवण्याआधी उंचीचा अंदाज कागदावर लिहून द्यायचा. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ, तो विजेता. किमान 20 मीटरची अट हवी, नाहीतर काही जण मुद्दाम खाली उडवतात.

प्रत्येक गटाला तीन उड्डाणं, आणि दर वेळी एकच बदल: पाणी, पंख किंवा नाकाचं वजन. मुलं खरी शिकतात ती इथेच. बाटली काठोकाठ भरली तर दाबलेल्या हवेला जागा उरत नाही; रिकामी ठेवली तर मागे फेकायला वजनच नसतं. एक तृतीयांशाच्या आसपास मेळ बसतो, पण हे तुम्ही सांगू नका, त्यांना सापडू द्या. नाक जड आणि पंख शेपटाकडे का, हे फळ्यावर समजावण्यापेक्षा रिकामं रॉकेट जिथे तोल साधतं तिथे दोरा बांधून डोक्याभोवती फिरवायला सांगा. नाक पुढे राहिलं तर उड्डाण सरळ होईल.

उंची मोजायला कोनमापक, दोरा आणि एक नट पुरतो. लाँचरपासून 50 मीटरवर उभं राहायचं. उन्नत कोन, म्हणजे आडव्या रेषेपासून रॉकेटपर्यंतचा वरचा कोन, 45 अंश आला, तर रॉकेट डोळ्यांच्या पातळीपासून 50 मीटर वर. 30 अंश आला, तर सुमारे 29; कारण उंची म्हणजे अंतर गुणिले कोनाचा टॅन. ‘त्रिकोणमिती कशाला शिकायची?’ म्हणणारी पोरंच टॅनचं कोष्टक मागायला येतात, तेव्हा मला फार आनंद होतो.

दाबाच्या बाबतीत मात्र कुणाचंही ऐकू नका. मीटर असलेलाच पंप, 50 पीएसआयला थांबायचं. बाटली कोल्ड्रिंकचीच हवी, पाण्याची पातळ बाटली नको; ओरखडा दिसला की बाद. पंपाची नळी लांब ठेवा आणि रॉकेट दुरून दोरी ओढूनच सोडा.

घोषणा 23 ऑगस्टला करा. 2023 साली त्या दिवशी चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं, म्हणून तो राष्ट्रीय अंतराळ दिन. स्पर्धा दिवाळीनंतर घ्या. पावसाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीत लाँचर रुततो, आणि उन्हाळ्यात ज्या गावाला टँकर येतो तिथे पाणी उडवणं मला पटत नाही.

लाँचर पीव्हीसी पाइपचे दोन बनवा. विज्ञानाच्या सरांना किंवा मॅडमना व्हॉल्व्ह बदलायला शिकवा आणि एक लाँचर शाळेतच ठेवून या.