सेन्सर बदलायच्या आधी वायर हलवून बघा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीने नवीन नाटक सुरू केलं. सकाळी इंजिन थंडगार, चावी फिरवली की फॅन लगेच फुल स्पीडने घोंघावायला लागायचा, चेक इंजिनचा पिवळा दिवा, आणि स्टार्ट व्हायला दोनतीनदा सेल्फ मारायला लागायचा. गॅरेजवाला म्हणाला कुलंट टेंपरेचर सेन्सर गेला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं (कुलंटचं) तापमान मोजणारा. बदलला, पैसे दिले, चार दिवसांनी परत तेच. मग म्हटलं आपणच बघू.

पहिलं म्हणजे गाडी खरंच गरम होतेय की नुसतं मीटर खोटं बोलतंय ते ठरवा. बोनेटमधून वाफ येतेय, गोडसर वास येतोय, लाल दिवा लागलाय तर सेन्सरबिन्सर राहू दे, गाडी बाजूला घेऊन बंद करा. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, आत प्रेशर असतं म्हणून पाणी १०० च्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण सैल केलं की सगळं एकदम उसळून अंगावर येतं. पूर्ण गार झाल्यावरच लेव्हल बघा, कुलंट कमी असेल तर आधी लीक शोधा.

गरम होत नसेल तर ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावा, मोबाईलवर अ‍ॅप टाका आणि कोड वाचा. पी ०११८ म्हणजे या सेन्सरचं सर्किट कुठेतरी तुटलंय, पी ०११७ म्हणजे शॉर्ट आहे. पी ०१२८ आला तर इंजिन हवं तेवढं गरमच होत नाहीये, तिथे संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कुलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. आपल्याकडे काही मेकॅनिक 'गरम होते ना, काढूनच टाकतो' म्हणत थर्मोस्टॅट काढून फेकतात, मग गाडी कायम थंड चालते आणि अ‍ॅव्हरेज पडतं. असं कुणाला करू देऊ नका.

माझा कोड पी ०११८, आणि स्कॅनरवर आकडा उणे ४०. पुण्यात! रात्रभर उभ्या गाडीचा कुलंट बाहेरच्या हवेएवढाच असतो, त्यामुळे सकाळी स्टार्ट करायच्या आधी दाखवलेला आकडा आणि हवेचं तापमान यात चारपाच डिग्रीचा फरक चालेल, उणे ४० म्हणजे सिग्नलच पोचत नाहीये.

आता सेन्सरला लागलेला वायरचा कनेक्टर काढा, आत हिरवट गंज किंवा पाणी आहे का बघा. इग्निशन ऑन ठेवून कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरने साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत. मग इग्निशन बंद करून सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा, हा गरम झाला की कमी होतो, बऱ्याच गाड्यांत २० डिग्रीला दोन ते तीन किलोओहम आणि ८० ला तीनशे ओहमच्या आसपास, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. माझा सेन्सर ठणठणीत निघाला, नवाच होता ना, पण व्होल्ट मिळेनात.

मग कनेक्टर परत लावला, मोबाईल समोर ठेवला आणि वायर हळूहळू हलवत गेलो. एका जागी आकडा ३१ वरून धाडकन उणे ४०, सोडली की परत ३१. वायरवरची काळी नळी चिरली तर आत उंदराने वायर कुरतडलेली, तांबं हिरवं पडलेलं, दोनचार तार कशीबशी लटकत होती. सेन्सर बदलताना हे कुणी बघितलंच नव्हतं. बॅटरीचा निगेटिव्ह काढला, चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, मधे तेवढाच तुकडा सोल्डर करून जोडला, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. नुसती टेप मारू नका, इंजिनच्या गरमीने ती चिकट होऊन सुटते.

सेन्सरच खराब निघाला तर इंजिन गार असताना बदला, खाली तसराळं ठेवा, थोडा कुलंट सांडतोच. तो लगेच पुसा, चवीला गोड असतो आणि कुत्र्यामांजरांसाठी विष आहे. ओ-रिंग (सेन्सरभोवतीची रबरी रिंग) नवी घाला, सेन्सर बसतो ते हाउसिंग प्लास्टिकचं असेल तर हाताला अंदाज ठेवून आवळा, जोर केलात तर चीर जाते. मग मॅन्युअलमध्ये सांगितलाय तोच कुलंट भरा, रंग बघून मिसळू नका, हीटर फुल गरमवर ठेवून फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा म्हणजे आतली हवा निघते. हवा राहिली तर नवा सेन्सरसुद्धा उड्या मारणारा आकडा दाखवतो. गार झाल्यावर लेव्हल परत बघा, हे विसरायला होतं.

कोड खोडल्यावर दोनतीन दिवस रोज सकाळी आकडा बघत होतो. २४, २५, २३. बोनेटखाली तंबाखूची पानं ठेवलीत, गाडीला पानटपरीचा वास येतो, बायको रोज बोलते. उंदीर मात्र अजून तरी फिरकला नाही.