मातीचे दाबलेले ब्लॉक: प्लॉटवरच्या मातीतून घराच्या भिंती

गावगाड्यात शेताच्या जमिनीला काळी म्हणत आणि वस्तीच्या जागेला पांढरी. घराच्या भिंतींसाठी माती निवडताना हा फरक आजही उपयोगी पडतो. काळ्या मातीतली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पिकाला ती चांगली, पण ब्लॉकला चालत नाही. ब्लॉकसाठी लागते ती वाळूचा अंश भरपूर असलेली, तांबूस, पांढुरकी किंवा मुरमाड माती. बऱ्याच ठिकाणी पायाच्या किंवा टाकीच्या खोदाईतच ती निघते आणि ट्रॅक्टरने बाहेर टाकून दिली जाते.

अशा मातीत थोडे सिमेंट मिसळून, हाताच्या प्रेसमध्ये दाबून, न भाजता केलेल्या ब्लॉकची ही कृती आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने आपल्याकडे हे तंत्र नीट बसवून दिले. त्यासाठी आयएस १७२५ हे भारतीय मानकही आहे. इथली सगळी मापे २३० × १९० × १०० मिमी ब्लॉकची आहेत. दुसऱ्या मापाचा साचा असेल तर आकारमानाच्या प्रमाणात आकडे बदलून घ्यावेत.

आधी माती तपासा, मग प्रेस शोधा

बिघडलेल्या कामांत बहुतेक वेळा उलटे झालेले असते: प्रेस आधी येते आणि मिळेल ती माती तिच्यात घातली जाते. मातीच्या तपासणीला तीन-चार दिवस आणि जवळजवळ शून्य खर्च लागतो.

वरचा ३० ते ६० सेंमीचा थर बाजूला काढा. त्यात मुळे आणि कुजलेला पाला असतो, त्यामुळे सिमेंट नीट धरत नाही. हा थर फेकू नका, परसबागेत किंवा बांधावर पसरा. ओल्या मातीला कुबट वास येत असेल तर अजून खाली जा. खाडीकिनाऱ्याची खारट माती घेऊच नका.

पहिली चाचणी बाटलीची. सरळ कडांच्या काचेच्या बरणीत पाव भाग माती, बाकी पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा. तासाभराने पुन्हा हलवून ठेवा. जाडी वाळू मिनिटभरात तळाशी बसते, तिच्यावर अर्ध्या-पाऊण तासात गाळ बसतो, चिकणमातीला मात्र दिवसभर लागतो. पट्टीने थर मोजा. वाळू आणि बारीक खडे मिळून ६५ टक्के किंवा जास्त आणि चिकणमाती १० ते २० टक्के असेल तर माती कामाची. पाण्यात चिकणमाती फुगून थर जाड दिसतो, म्हणून या एका चाचणीवर निर्णय घेऊ नका.

दुसरी चाचणी आकसण्याची. तिच्यावर जास्त विसंबावे. आतून ६० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद आणि ४ सेंमी खोल अशी लाकडी पेटी करा, आतून तेल लावा, ओली माती ठासून भरा आणि सावलीत पूर्ण सुकू द्या. मग सगळे तुकडे एका टोकाला सरकवून रिकामी जागा मोजा. १५ मिमीपर्यंत आकसली तर उत्तम, ३० मिमीपर्यंत चालेल. ४५ मिमीच्या पुढे गेली तर वाळू मिसळून पुन्हा पेटी भरा. चारास एक, तीनास एक, दोनास एक अशा मिश्रणांच्या पेट्या एकाच वेळी भरल्या तर आठवडा वाचतो.

दोन भाग मातीला एक भाग वाळू घालूनही आकसणे आटोक्यात येत नसेल, तर हा नाद सोडलेला बरा. पन्नास किलोमीटरवरून वाळू आणून केलेल्या ब्लॉकला स्थानिक म्हणण्यात अर्थ नाही. औष्णिक वीजकेंद्र जवळ असेल तर राखेच्या विटा आणि कोकणात जांभा हा तिथला खरा स्थानिक माल.

किती माल लागेल

४६ चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण ५०० चौरस फुटांच्या तळमजल्याच्या घराला दारे-खिडक्या वजा जाता सुमारे १०० चौरस मीटर भिंत येते. १९० मिमी जाडीच्या भिंतीला चौरस मीटरमागे ३७ ब्लॉक लागतात. तूटफूट धरून ३,९०० ब्लॉक करा.

हजार ब्लॉकना सैल, चाळलेले मिश्रण सुमारे सव्वादोन ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागते. सिमेंट मातीच्या वजनाच्या ७ टक्के धरले तर हजारी साडेदहा पोती होतात. म्हणजे या घराला साधारण ४१ पोती. मिश्रणात तीस टक्के वाळू असेल तर मातीसाठी ३ मी. लांब, ३ मी. रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा पुरतो. खड्डा कुठे घ्यायचा हे आधी ठरवा, म्हणजे पुढे तीच पाण्याची टाकी होईल. पण तो घराच्या पायापासून खड्ड्याच्या खोलीच्या किमान दुप्पट अंतरावर असू द्या.

स्वतःच्या जागेतली माती असली तरी उकरण्याआधी तहसील कार्यालयात विचारून लेखी उत्तर घ्या. माती हेही गौण खनिज आहे, आणि विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली जबर दंड आहे.

वाळूबाबत जास्त काटेकोर राहा. नदीपात्र ओरबाडले की काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते, पुलांचे पाये उघडे पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली ती याच कारणाने. मिश्रणात घालायला नदीची वाळू लागतच नाही, दगडखाणीची कच किंवा क्रश सँड चांगली चालते. मात्र तीही राज्य शासनाच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीच्या वाहतूक पासाशिवाय घेऊ नका. पासवरचा गाडीचा नंबर, निघण्याचे ठिकाण आणि वेळ उभ्या गाडीशी ताडून पाहा. एकच पास दिवसभर तीन-चार खेपांना दाखवतात, वेळ पाहिली की ते लगेच कळते. पासचा फोटो बिलासोबत ठेवा.

माणसे आणि मजुरी

ठाणे, पालघर, रायगडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडायला भट्टीवर जातात. हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि मुले शाळेऐवजी थापलेल्या विटा उलटत बसतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, तरी उचलीची ही साखळी संपलेली नाही. ब्लॉक आपल्या प्लॉटवर होतात तेव्हा मजुरी कोणाला आणि किती मिळते हे आपल्याला दिसते. या पद्धतीचा आमच्या मते सर्वांत मोठा फायदा हाच.

मुकादमामार्फत उचल देऊ नका. आठवड्याला, ज्याची त्याच्या हातात किंवा खात्यात, मजुरी द्या. नवरा-बायको दोघे काम करत असतील तर दोन हिशेब, दोन रकमा. नगावर मजुरी ठरवू नका, कारण मग वजन न करता साचा भरला जातो आणि महिन्याने कोपरे ढासळतात. रोजावर ठेवा आणि २८ दिवसांनी पास झालेल्या ब्लॉकवर वर बक्षीस द्या. चाळणीवरच्या माणसाला धूळरोधक मास्क द्या, नुसता रुमाल पुरत नाही. क्रश सँडची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते.

ब्लॉक पाडणे

सहा जण लागतात: दोघे मिश्रणाला, एक वजन करून साचा भरायला, दोघे दांड्यावर, एक ब्लॉक उचलून रचायला. हात बसलेली टोळी दिवसाला ४०० ते ५०० ब्लॉक पाडते. पहिले दोन दिवस निम्मेच होतील, घाई करू नका.

माती कोरडी करून ढेकळे फोडा आणि ५ मिमीच्या जाळीतून चाळा. ढेकूळ राहिले तर ब्लॉकमध्ये ती जागा पाण्यात विरघळते आणि खळगा पडतो.

एका वेळी पाव पोतेच सिमेंट घ्या. १२.५ किलो सिमेंटला वाळूसह १७८ किलो माती, त्यातून सुमारे २३ ब्लॉक निघतात. पाणी पडल्यापासून अर्ध्या तासात हे मिश्रण संपले पाहिजे. पूर्ण पोत्याचे मिश्रण केले तर शेवटचे ब्लॉक सिमेंट धरायला लागल्यावर दाबले जातात. दिसायला ते सारखेच असतात, भिजले की फुटतात.

आधी माती आणि वाळू कोरडी कालवा, मग सिमेंट घालून रंग एकसारखा होईपर्यंत पालटा, शेवटी झारीने पाणी शिंपडा. पाणी साधारण १० टक्के, म्हणजे या पाव पोत्याच्या घाण्याला १८-१९ लिटर. मातीत आधीची ओल असेल तितके कमी. नेमके किती ते मूठ सांगते: घट्ट लाडू वळून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, चुरा झाला तर पाणी कमी, चपटा होऊन एकसंध राहिला तर जास्त. ऊन चढेल तसे पाणी उडते, म्हणून प्रत्येक घाण्याला लाडू टाका.

साच्यात प्रत्येक वेळी ८.९ किलो ओले मिश्रण, काट्यावर तोलून. त्यातून घनसेंमीला १.८५ ग्रॅमच्या आसपास कोरडी घनता मिळते आणि ब्लॉकची ताकद मुख्यतः तिच्यावर ठरते. घमेल्याच्या अंदाजाने भरू नका. चारही कोपरे बोटांनी दाबून भरा, मग झाकण. दांडा अगदी सहज खाली आला तर मिश्रण कमी पडले आहे. दोघांनी लोंबकळूनही येत नसेल तर जास्त भरले आहे किंवा मिश्रण कोरडे आहे. पाच-सहा ब्लॉकमागे साचा पुसून तेलाचा हात फिरवा.

ताजे ब्लॉक सावलीत, सपाट जागी, पाच थरांपर्यंत रचा आणि ४८ तास प्लास्टिकखाली ठेवा. मग गोणपाट टाकून तीन आठवडे दिवसातून दोनदा भिजवा, पुढचा आठवडा सुकू द्या. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले, असेल तर भिजवण्यात एक दिवसही चुकवू नका. रास रचल्याची तारीख वरच्या ब्लॉकवर खडूने लिहा.

कोणता ब्लॉक भिंतीत जाऊ द्यायचा

कोरडा ब्लॉक दणकट वाटतोच. त्याची परीक्षा पाण्यात. प्रत्येक राशीतले पाच ब्लॉक तोलून २४ तास बुडवा, पुसून परत तोला. १५ टक्क्यांहून जास्त वजन वाढले किंवा कडा बोटाने खरवडता आल्या तर ती रास फक्त अंगणाच्या बांधाला. आणखी पाच भिजवलेले ब्लॉक जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाबचाचणीला द्या. एक-दोन मजल्यांसाठी ओली ताकद किमान ३ मेगापास्कल हवी. या मापाच्या ब्लॉकवर म्हणजे सुमारे १३१ किलोन्यूटन, साधारण १३ टन भार. अहवालात नमुना ओला होता की कोरडा, हे लिहून घ्या. कोरड्या नमुन्याचा आकडा दुपटीपर्यंत जातो आणि तोच दाखवून माल विकला जातो.

बांधकाम

जोते दगडाचे किंवा जांभ्याचे, जमिनीपासून किमान ४५ सेंमी, कोकणात ६०. त्यावर ओल रोखणारा थर. छपराची पागोळी भिंतीपासून ६० ते ७५ सेंमी लांब पडू द्या. न्हाणीघराला मात्र भाजलेली वीट किंवा जांभा वापरा.

ब्लॉक पाण्यात बुडवून घ्या आणि १० ते १२ मिमीच्या सांध्यात बसवा. मसाला १ सिमेंट, १ चाळलेली माती, ६ वाळू. गवंडी सवयीने १:४ चा कडक मसाला कालवतात. तो ब्लॉकपेक्षा कडक असतो, म्हणून भेग सांध्याऐवजी ब्लॉकमधून जाते.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात कोसळल्या त्या मातीत रचलेल्या, आरपार दगड नसलेल्या जाड भिंती, वरच्या जड धाब्यासह. इथे भिंत हलकी आणि नेमकी असली तरी ती बांधून ठेवावीच लागते. जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांचा माथा) आणि छपराच्या पातळीवर चारही भिंतींवरून अखंड फिरणारी सळयांची काँक्रीट पट्टी, कोपऱ्यांत उभी सळई. गज किती आणि कुठे हे भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस ४३२६ मानकाप्रमाणे अभियंत्याकडून काढून घ्या. खर्च वाचवायला छपराजवळची पट्टी गाळली जाते, ती गाळू देऊ नका.

ब्लॉक डिसेंबर-जानेवारीत पाडले तर फेब्रुवारीअखेर भिंती चढतात आणि ७ जूनच्या सुमारास मृग लागण्याआधी छप्पर बसते. भिंतींचा माथा मोकळा राहून पाऊस आला तर वरचे दोन थर काढूनच पुढे जावे लागते.

काम संपल्यावर मजुरांना कामाच्या दिवसांचा दाखला तारखांसह सही करून द्या. बारा महिन्यांत ९० दिवसांचे काम दाखवता आले तर १८ ते ६० वयाच्या मजुराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते, आणि बहुतेकांची अडते ती याच कागदाला.