एका दिवसात डेल्फ्ट: कुठल्या क्रमाने फिरावे, काय निरखून पाहावे

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम आणि द हेग यांच्या मधले डेल्फ्ट हे पायी पाहायचे गाव. जुना भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला अर्धा तासही लागत नाही, आणि तोटा तिथेच होतो. लोक थेट चौकात जातात, दोन फोटो काढतात, निळी बशी घेतात आणि परततात. नीट पाहायचे तर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढा वेळ हाताशी ठेवा.

आधी वार ठरवा. रविवारी दोन्ही जुनी चर्च प्रार्थनेसाठी असतात, पर्यटकांना आत जाता येत नाही. गुरुवारी मार्क्ट या मुख्य चौकात बाजार भरतो. गरमागरम स्ट्रोपवाफल (मध्ये पाकाचा थर असलेले गोड बिस्किट) खायला तो दिवस उत्तम, पण दुकानांच्या तंबूंमागे चौक झाकला जातो. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा थंडीत जात असाल तर एक ठिकाण कमी धरा.

रेल्वेसाठी वेगळे तिकीट काढायची गरज नाही. स्टेशनच्या प्रवेशद्वारातल्या यंत्रावर कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवून आत जायचे आणि उतरल्यावर पुन्हा टेकवून बाहेर पडायचे. चुका ठरलेल्या असतात: एकाच कार्डावर दोघांनी जाण्याचा प्रयत्न करणे, किंवा जाताना फोन आणि येताना प्लास्टिकचे कार्ड टेकवणे. खाते एकच असले तरी यंत्राला ती दोन वेगळी कार्डे वाटतात, दोन्ही प्रवास अर्धवट राहतात आणि जास्तीचे पैसे कापले जातात. भारतातून येणाऱ्यांनी व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्यावे आणि निघण्यापूर्वीच बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही पर्याय सुरू करावेत.

डेल्फ्टचे स्टेशन २०१५ पासून जमिनीखाली आहे. सरकत्या जिन्याने वर आलात की छताकडे पाहा: १८७७ चा शहराचा नकाशा निळ्या रंगात डोक्यावर पसरलेला दिसेल. तिथून पाचेक मिनिटांवर आउदे डेल्फ्ट हा कालवा लागतो. गावाचे नावच ‘खणणे’ या अर्थाच्या डच शब्दावरून आले आहे. कालव्याच्या काठाने उत्तरेकडे चला. लहान मुले बरोबर असतील तर हात सोडू नका, बऱ्याच ठिकाणी काठाला कठडा नाही. सायकलींच्या लाल पट्ट्यावरही थांबू नका. तिथे घंटी वाजते आणि सायकल मात्र थांबत नाही.

याच काठावर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या डेल्फ्ट शाखेची इमारत आहे. कंपनीच्या सहा शाखांपैकी ही एक. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार पाहिली असेल तर तिचे मालक हेच.

पुढे आउदे केर्क, म्हणजे जुने चर्च. ७५ मीटरचा मनोरा जवळजवळ दोन मीटर कललेला आहे. पाया भुसभुशीत जमिनीवर पडला आणि बांधकाम चालू असतानाच तो झुकू लागला. गवंड्यांनी वरचा प्रत्येक थर सरळ करायचा प्रयत्न केला, म्हणून मनोऱ्याला मध्येच बाक आल्यासारखा दिसतो. कालव्याच्या पलीकडे उभे राहून टोकावरचे चार छोटे बुरूज पाहा, ओळंब्यात आहेत ते एवढेच. आत जमिनीवरच्या शिळा वाचत चाला. चित्रकार व्हर्मीर आणि सूक्ष्मजंतू पहिल्यांदा पाहणारे लेव्हेनहूक, दोघेही १६३२ मध्ये याच गावात जन्मले आणि इथेच पुरले आहेत. तिकीट जपून ठेवा, ते नव्या चर्चलाही चालते.

समोरच प्रिन्सेनहोफ हे संग्रहालय. स्पेनविरुद्धच्या बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याला १० जुलै १५८४ रोजी इथे जिन्यापाशी गोळ्या घातल्या, भिंतीवरच्या खुणा अजून जपल्या आहेत. मात्र संग्रहालय मोठ्या नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले होते. आत जायचे असेल तर सुरू झाल्याची खात्री करूनच बेत आखा.

तिथून मार्क्टवर या. चौकाच्या एका टोकाला नगरभवन, दुसऱ्या टोकाला न्यूवे केर्क. नावात ‘नवे’ असले तरी मनोऱ्याचे काम १३९६ ते १४९६ असे शंभर वर्षे चालले होते. नगरभवनाचे तोंड पूर्वेला, म्हणून त्याचा फोटो सकाळी चांगला येतो. चर्चचा मनोरा पश्चिमेकडे पाहतो, त्याला दुपारनंतरचे ऊन हवे. नगरभवनाच्या मधोमध डोकावणारा करडा दगडी बुरूज त्याच्याहून कितीतरी जुना आहे. १६१८ च्या आगीनंतर वास्तुकार हेंड्रिक दे कैसर याने त्याच्याभोवती नवी इमारत बांधली. विल्यमच्या मारेकऱ्याला याच बुरुजात कोंडले होते.

विल्यमची समाधीही दे कैसरनेच घडवलेली, न्यूवे केर्कमध्ये. घराण्याची दफनभूमी ब्रेडाला होती, पण ते शहर तेव्हा स्पॅनिशांच्या हाती असल्याने त्याला इथे पुरले आणि पुढे राजघराण्याचा तोच रिवाज झाला. समाधीला पूर्ण फेरी मारा: संगमरवरात तो निजलेला आहे, ब्राँझमध्ये जिवंत बसलेला, आणि पायाशी त्याचा कुत्रा. खालच्या तळघरात पर्यटकांना प्रवेश नाही.

मग मनोरा. उंची सुमारे १०९ मीटर, साडेतीनशेहून अधिक पायऱ्या, लिफ्ट नाही. गोल जिना अरुंद, आणि चढणारे-उतरणारे एकाच वाटेने. पाठीवरची मोठी पिशवी भिंतीला घासते, ती नेऊ नका. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती असेल तर सरळ सोडून द्या. खाली पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हवा स्वच्छ असेल तर वरून रॉटरडॅम आणि द हेग दोन्ही दिसतात.

आता चौकातून पूर्वेकडे दहा मिनिटे चाला. ओस्टपोर्ट ही साधारण १४०० ची वेस, गावाच्या वेशींपैकी उरलेली एकच. फोटो पाण्याच्या पलीकडून काढा, म्हणजे जुळे मनोरे आणि उचलता येणारा पूल एकत्र येतात.

व्हर्मीरसाठी येत असाल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: त्याचे एकही मूळ चित्र डेल्फ्टमध्ये नाही. डेल्फ्टचे प्रसिद्ध दृश्य आणि मोत्याचे कानातले घातलेली मुलगी, दोन्ही द हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहेत. रेल्वेने ते पंधरा मिनिटांवर, पण त्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा.

राहिली निळी भांडी. १६५३ पासून चालू असलेल्या रॉयल डेल्फ्ट कारखान्यात रंगकाम पाहता येते. कोबाल्टचा रंग कुंचल्याने लावताना काळपट असतो, भट्टीतून निघाल्यावर निळा होतो. चौकातल्या दुकानांत मात्र पुष्कळ माल छापील असतो. दोन सारख्या बश्या शेजारी धरा: रेघा तंतोतंत जुळल्या तर छापा, कुठे गडद कुठे फिकी रेघ दिसली तर हातकाम. मग बशी पालथी करा. खरा माल असेल तर तळावर कारखान्याची खूण असते. हाताने रंगवल्याचे लिहिले आहे का तेही पाहा आणि किंमत त्यानंतर विचारा. घेतलेली बशी कपड्यात गुंडाळून विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.